परदेशी निघताना पर्समधली अमृतधारा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की माझ्या चिकलठाण्याच्या दवाखान्यात काही धडधाकट माणसे येऊ लागतात. त्यांना ताप नसतो, खोकला नसतो. मुलगा अमेरिकेत असतो, मुलगी दुबईत नाहीतर जर्मनीत असते आणि यांना दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे जावयाचे असते. ज्या गावाच्या शिवारातच विमानतळ आहे तेथील लोकांना विमानाचे अप्रूप राहिलेले नाही हे खरे. पण डोक्यावरून विमान जाणे वेगळे आणि साठी उलटल्यावर पहिल्यांदाच त्यात पंधरा-सोळा तास बसणे वेगळे. रक्तदाबाच्या गोळ्या किती न्याव्यात, पाय सुजतात त्याला काय करावे, हे विचारून झाले की बहुधा काकूच हळूच पर्स उघडतात आणि एक छोटी बाटली टेबलावर ठेवतात. "डॉक्टर, हे नेले तर चालेल ना?"

त्या बाटलीत कधी निलगिरीचे तेल असते, कधी लवंगेचे, आणि सर्वांत जास्त वेळा अमृतधारा. हल्ली लव्हेंडर, पेपरमिंट, टी ट्री अशी नावे लिहिलेली सहा बाटल्यांची पेटीही दिसू लागली आहे. ती बहुतेकदा सुनेने मागवलेली असते. माझे उत्तर "न्या, पण..." असे असते. हा 'पण' दोन मिनिटांत सांगून होत नाही. बाहेर रुग्ण खोळंबलेले असतात. म्हणून तो आज येथे लिहितो.

प्रथम ही तेले म्हणजे काय ते पाहू. खोबरेल, तिळेल, करडई ही घाण्यातून काढलेली स्थिर तेले. कागदावर थेंब टाकला की डाग कायम राहतो. निलगिरी, पुदिना, लवंग, गवती चहा यांची तेले ही उडणारी तेले. पाने, फुले, बिया वाफेवर धरून, ती वाफ थंड करून ती गोळा करतात. कागदावरचा त्यांचा डाग काही वेळाने जवळजवळ नाहीसा होतो आणि मागे वास राहतो. नावात तेल असले तरी हे अर्क आहेत. ओव्याच्या दाण्यात असे तेल शेकडा दोन ते चार भागच असते. म्हणजे अर्काचा एक लहान चमचा म्हणजे मूठमूठ ओवा. आपण फोडणीत टाकतो ती वस्तू आणि ही वस्तू एकच, असे समजणे हेच या विषयातल्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ आहे.

अमृतधारेची गंमत तर शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवावी अशी आहे. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल हे तिन्ही पदार्थ घन, खडेच म्हणा ना. पण बाटलीत एकत्र टाकून हलवले की पाणी न घालता त्यांचे पातळ द्रव होते. तिघे मिसळले की त्यांचा वितळण्याचा बिंदू खाली येतो, एवढेच त्यातले रहस्य. विसाव्या शतकाच्या आरंभी लाहोरच्या पंडित ठाकूरदत्त शर्मांनी या नावाचे औषध बाजारात आणले आणि ते हिंदुस्थानभर घरोघरी पोचले. ओव्याचे फूल म्हणजे रसायनशास्त्रातले थायमॉल. पहिल्या महायुद्धापूर्वी ते मुख्यतः जर्मनीत तयार होई, आणि तेही येथून बोटीने गेलेल्या ओव्यापासून. आपल्या शेजारच्या खानदेशची गोष्टही अशीच. कन्नडचा घाट उतरला की जो मुलूख लागतो त्याच्या डोंगराळ भागात रोशा गवताचे तेल भट्ट्यांवर काढीत. ते मुंबईहून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या महागड्या तेलात त्याची भेसळ होई! तेव्हा आपली सुगंधी तेले परदेशी जाणे ही काही आजची टूम नव्हे. आजही जगातले बहुतांश मेंथा तेल भारतात, त्यातही उत्तर प्रदेशात निघते. परदेशी छापाची पुदिन्याची बाटली डॉलर मोजून घेण्याआधी एवढे लक्षात ठेवावे.

आता प्रवासात यांचा उपयोग किती? माझ्या मते मर्यादित, पण खरा. काही डॉक्टर या तेलांना सरसकट हसतात. ते मला पटत नाही. सोळा तास एका जागी आखडून बसलेल्या माणसाला बरे वाटणे यालाही किंमत आहे.

विमानात हवा फार कोरडी असते. नाक चोंदल्यासारखे होते, घसा खवखवतो. रुमालावर निलगिरीचा एक थेंब टाकून हुंगला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. 'वाटते' हा शब्द मी मुद्दाम वापरला. मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवते. त्यामुळे हवा जास्त येत आहे असा भास होतो. सूज फारशी उतरलेली नसते. तरी त्या भासानेही माणूस झोपतो, आणि ते चांगलेच आहे. मात्र थेंब रुमालावर टाकावा, आणि तोही विमानतळावर. विमानात बसल्यावर बाटली उघडू नये. शेजारच्या माणसाला दमा असेल तर आपल्या औषधाने त्याला धाप लागायची. ज्यांना स्वतःला दमा आहे त्यांनी हा प्रयोग प्रवासात प्रथमच करू नये. घरी कोरड्या नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, ते यापेक्षा उत्तम.

मळमळीवर पुदिना हुंगण्याचा काहींना गुण येतो. पण एक गोष्ट फारशी माहीत नसते. इंजेक्शनपूर्वी त्वचा पुसण्यासाठी स्पिरिटच्या ज्या लहान पट्ट्या वापरतात, ती पट्टी फोडून नाकाजवळ धरून दीर्घ श्वास घेतल्यास मळमळ कमी होते, असे इस्पितळांतील तातडीच्या विभागांत झालेल्या चाचण्यांत दिसून आले आहे. खर्च दोन रुपये. सहा बाटल्यांच्या पेटीची जाहिरात करणारे हे सांगणार नाहीत.

दाढ दुखली तर कापसाच्या बोळ्यावर लवंगेच्या तेलाचा एक थेंब ठेवावा. हा उपाय आजीचा आहे आणि दंतवैद्याचाही आहे, कारण त्यातले युजेनॉल दंतवैद्य स्वतः वापरतात. पण ती एका रात्रीची सोय. दात किडलेला आहे हे ठाऊक असून बाटलीच्या भरवशावर अमेरिकेला जाणे म्हणजे स्वतःच्या हाताने खिसा कापून घेणे. तिकडची दंतचिकित्सा अतिशय महाग असते आणि प्रवासी विम्यात ती बहुधा नीट धरलेली नसते. जाण्याआधी महिनाभर दात दाखवून घ्यावेत.

झोपेसाठी लव्हेंडरचा एखादा थेंब उशीवर टाकण्यास हरकत नाही. पण दिवसाची रात्र झाल्याने जी झोप बिघडते ती ताळ्यावर येते तिकडच्या सकाळच्या उन्हाने, तिकडच्या वेळेवर जेवल्याने. दुपारी पडदे ओढून लोळत राहिलात तर बाटलीभर लव्हेंडरही काही करणार नाही. तसेच पायांचे. पायांना कोणतेही तेल चोळा, चोळण्याने बरे वाटेल. पण लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दर तास-दोन तासांनी उठून चालणे, घोटे फिरवणे, पाणी पिणे हाच उपाय आहे. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे किंवा नुकतेच ऑपरेशन झाले आहे त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

अंगाला लावताना तेल नुसते कधी लावू नये. दोन चमचे खोबरेल तेलात चार-पाच थेंब पुरेत. लिंबाच्या सालीचे तेल लावून उन्हात फिरल्यास त्वचेवर काळे डाग उठतात, चट्टे पडतात. डासांसाठी गवती चहाचे वा सिट्रोनेलाचे तेल लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की त्याचा असर फार थोडा वेळ टिकतो. घरच्या गच्चीवर ते ठीक. पण केनियात किंवा थायलंडमध्ये मलेरिया-डेंग्यूशी गाठ असते. तेथे डीट किंवा पिकारिडिन असलेले मलमच लावावे. आफ्रिकेतील काही देशांना पीतज्वराची लसही सक्तीची आहे, आणि त्या लशीला कोणत्याही तेलाचा पर्याय नाही.

पोटाचे दुखणे जरा वेगळे. बत्ताशावर अमृतधारेचे दोन थेंब ही आपल्याकडची जुनी रीत. गॅसने पोट धरले असेल तर प्रौढ माणसाने बाटलीवरील सूचनेप्रमाणे एखादे वेळी घेतल्यास मी तक्रार करणार नाही. जुलाब लागले तर मात्र जलसंजीवनीची पुडी हवी. ती चार-सहा पुड्या नेली तर वजन किती होणार? तरी बॅगा भरताना लोणच्याला जागा होते, जलसंजीवनीला होत नाही.

आता उष्णतेविषयी. आमच्या चिकलठाण्याच्या विमानतळावरून हजयात्रेकरूंची विमानेही सुटलेली आहेत, आणि यात्रेआधी वडीलधारी मंडळी तपासून घ्यायला येतात. त्यांच्या सामानात 'थंडा तेल' हमखास असते. हजच्या मोसमात मक्केतील ऊन म्हणजे आपल्या मे महिन्यातील जालना रोडच्या वरताण. २०२४ सालच्या हजमध्ये पारा ५० अंशांपलीकडे गेला आणि सौदी सरकारच्याच आकड्याप्रमाणे १,३०१ माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य अधिकृत परवान्याविना आलेले, सावलीची सोय नसलेले यात्रेकरू होते. अशा उन्हात डोक्याला मेंथॉलचे तेल लावले की गार वाटते. पण शरीराचे तापमान त्याने कमी होत नाही. डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पटापूटियन या दोन शास्त्रज्ञांना २०२१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते शरीराला तापमान आणि स्पर्श कसा कळतो याच्या संशोधनासाठी. गारवा ओळखणारी मज्जातंतूंवरील जागा त्या दोघांनी स्वतंत्रपणे शोधली, ती मेंथॉलच्याच मदतीने. थंडी जी कळ दाबते तीच कळ मेंथॉल दाबते. प्रत्यक्षात थंडी आलेली नसते. ही फसवणूक चोंदलेल्या नाकाला चालते. उन्हात ती घातक ठरू शकते, कारण गार वाटते म्हणून माणूस सावलीत जात नाही, पाणी पीत नाही. छत्री, ओले फडके, पाणी आणि दुपारचा विसावा यांवरच भर द्यावा. कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा भोवळ येऊन पडला तर तेल शोधत बसू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि मदत बोलवावी. दुसरे असे की इहराम बांधल्यावर सुगंध वर्ज्य असतो. तेव्हा वासाचे बाम, तेल केव्हा चालते आणि केव्हा नाही हे निघण्यापूर्वीच आपल्या जाणकारांना विचारून घ्यावे. मांड्यांना घासून चट्टे पडतात त्यासाठी बिनवासाचे व्हॅसलीन न्यावे. मेंदूज्वराची लस तर हजला सक्तीचीच आहे.

ज्या कारणासाठी मी हा लेख लिहावयास बसलो ते पुढेच आहे. परदेशी जाणाऱ्या आपल्या काकू-मावशींपैकी पुष्कळ जणी बाळंतपणासाठी जातात. लेक किंवा सून अवघडलेली असते, तिकडे मदतीला कोणी नसते. बॅगेत डिंक, आळीव, वेखंड, बाळंतशोपा, बाळाची झबली-टोपडी सगळे असते. (खसखस मात्र आखाती देशांत नेऊ नका. अमिरातीत आणि सौदीत ती अफूच्या झाडाची म्हणून बंदी असलेल्या वस्तूंत आहे. अनारशांवर लावलेलीसुद्धा अडचणीत आणील.) आणि पर्समध्ये ती बाटली. स्वतःसाठी म्हणून नेलेली. पुढे महिन्याभराच्या बाळाला सर्दी होते. बाहेर बर्फ पडत असतो. तिकडचे डॉक्टर औषध देत नाहीत, "थांबा, बरे होईल" म्हणतात. आजीचा जीव राहत नाही. ती बाळाच्या छातीला, नाकाखाली बोट लावते.

हे करू नये. दोन वर्षांखालील मुलाला कापूर, मेंथॉल, निलगिरी असलेले काहीही, नाकाजवळ तर मुळीच, लावू नये. एवढ्या लहान मुलाच्या नाकात मेंथॉलचा उग्र वास गेला की स्वरयंत्र आवळले जाऊन श्वास क्षणभर थांबल्याची उदाहरणे आहेत. कापूर त्याहून वाईट. तो त्वचेतूनही आत जातो आणि मेंदूवर परिणाम करून झटके आणतो. पोटात गेल्यास पाच-दहा मिनिटांतही झटके सुरू होऊ शकतात, आणि सुमारे एक ग्रॅम कापूर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. अमेरिकेने १९८३ पासून औषधांतील कापराचे प्रमाण ११ टक्क्यांवर जाऊ दिलेले नाही. तरीही २००९ साली 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील तीन मुलांची हकिकत प्रसिद्ध झाली. घरात वापरावयाच्या कापरामुळे त्यांना झटके आले होते. घरच्यांनी कोणी वाईट हेतूने केले नव्हते. घरात कापूर असतोच, एवढीच गोष्ट.

आणि मोठ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. २०२१ साली 'एपिलेप्सी रिसर्च' मध्ये दक्षिण भारतातील चार इस्पितळांची पाहणी आली आहे. फिट आलेल्या ३५० प्रौढ रुग्णांपैकी ५५ जणांच्या फिटचा संबंध निलगिरी किंवा कापूर असलेल्या तेला-बामाशी असल्याचे त्या डॉक्टरांना आढळले. ज्यांना फिट येण्याचा विकार आहे, पूर्वी कधी आलेली आहे, त्यांनी ही बाटली घरीच ठेवावी, असे मी स्पष्टच सांगतो.

यावर मला एक उत्तर नेहमी मिळते. "डॉक्टर, आम्ही आमची चार मुले ओव्याच्या पुरचुंडीवर वाढवली." खोटे नाही. पण पुरचुंडीत ओव्याचे दाणे होते, आणि बाटलीत ओव्याचे फूल आहे. फडक्यात बांधलेला कोमट ओवा आणि शुद्ध थायमॉल यांत जो फरक आहे तो उसाच्या रसात आणि स्पिरिटमध्ये असतो तेवढा. शिवाय जुन्या घरात वारा खेळता होता, बाळ ओसरीवर असे. तिकडे दारे-खिडक्या बंद, यंत्राने तापवलेली हवा, आणि एका खोलीत बाळ, आई, आजी आणि भपकारा. बाळाचे नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचा एक-एक थेंब नाकात घालून शेंबूड ओढून काढावा, दूध थोडे-थोडे वारंवार पाजावे. बाळ दूध ओढीत नसेल, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जात असतील, तीन महिन्यांखालील बाळाला ताप असेल तर लगेच दवाखाना. चुकून एखाद्या मुलाने बाटली तोंडाला लावली तर उलटी काढू नये. अमेरिकेत विषबाधेचा सल्ला चोवीस तास दूरध्वनीवर विनामूल्य मिळतो. लेकीला तो क्रमांक फ्रिजवर चिकटवावयास सांगा. झटका आला तर थेट तातडीची सेवा बोलवा.

बाटलीविषयी थोडे. दहा मिलिलिटरची, गडद काचेची, तोंडाशी थेंब पाडणारी चकती बसवलेली बाटली घ्यावी. प्लास्टिकची नको, आणि रबरी फुगा असलेला ड्रॉपरही नको. ही तेले रबर मऊ करतात. बाटली काठोकाठ भरू नये. विमानात हवेचा दाब सुमारे दोन हजार मीटर उंचीवरील डोंगरावर असतो तेवढाच राहतो, म्हणून आतली हवा फुगून तेल झिरपते आणि पासपोर्टाला महिनाभर निलगिरीचा वास येत राहतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी पातळ पदार्थाची बाटली नेता येत नाही, आणि अशा सगळ्या बाटल्या एका पारदर्शक पिशवीत घालाव्या लागतात. पूजेचा कापूर मुळीच नेऊ नये. विमानवाहतुकीत तो ज्वालाग्राही घन पदार्थ ठरतो आणि तपासणीत काढून घेतात. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. ती मंडळी बरोबर असतात.

घरी बनवलेल्या अमृतधारेच्या बाटलीवर बहुधा काहीच लिहिलेले नसते. त्यावर आत काय आहे ते इंग्रजीत लिहून चिठ्ठी चिकटवावी. तपासणीच्या वेळी ती कामास येते, आणि तिकडे कोणाच्या पोटात गेल्यास डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. मराठीत 'अमृतधारा' एवढेच लिहिलेले असेल तर शिकागोच्या डॉक्टराने काय समजावे? मुक्कामी पोचल्यावर बाटली पर्समध्ये राहू देऊ नये. रांगणाऱ्या नातवंडाला आजीची पर्स ही घरातली सर्वांत प्रिय वस्तू असते. बाटली वरच्या फळीवर, कुलूप असेल तर कुलपात ठेवावी, आणि ती कोठे ठेवली हे लेकीलाही सांगून ठेवावे.